मायर म्हणजे महापौर, पाटील की खोत?

कोरांटी
एका जर्मन घराण्याच्या कागदांचं मराठी भाषांतर चालू आहे. आडनाव मायर, स्पेलिंग एम-ई-वाय-ई-आर. जुन्या मठाच्या वहीत मात्र हाच शब्द आडनाव म्हणून नाही, हुद्दा म्हणून येतो: ‘मायरने मार्टिनीला (११ नोव्हेंबर) इतकं धान्य मठात पोचतं करावं’, अशा धर्तीची वाक्यं. आधीच्या मसुद्यात कुणीतरी त्याचं ‘महापौर’ करून ठेवलंय. ते उडवायचंच आहे, पण त्या जागी काय घालू? ‘पाटील’ चालेल? शिवाय नाव मेयर लिहायचं की मायर?

तिठा
महापौरवाल्याला अगदीच वेड्यात काढू नका. मूळ लॅटिन ‘मायोर’, म्हणजे अधिक मोठा. इंग्रजी मेयर, फ्रेंच मेर आणि जर्मन मायर तिन्ही त्याचीच पोरं. फ्रँक राजांच्या वाड्यावर ‘मायोर दोमुस’ असे, घरचा मुख्य कारभारी. ते इतके शिरजोर झाले की ७५१ साली त्यांच्यातलाच पेपिन राजा होऊन बसला. आपल्या कानांना हे ओळखीचं वाटेल, छत्रपती-पेशवे आठवून.

निरक्षीर
मुळं सांगून अर्थ सांगितल्यासारखं करू नका. आडनाव राजवाड्यातल्या मायोरवरून नाही, गावातल्या मायरवरून आलंय. जमीनदाराच्या किंवा मठाच्या मुख्य वाड्याला ‘फ्रोनहोफ’ म्हणत. भोवतालची कुळं आठवड्यातले ठरलेले दिवस तिथे वेठीला येत. ती वेठ करवून घेणं, धान्य-डुकरं-कोंबड्या गोळा करणं, हिशेब देणं हे मायरचं काम. लॅटिन दस्तऐवजांत त्याच माणसाला ‘विल्लिकुस’ म्हटलेलं सापडतं, तेव्हा दोन वेगळे हुद्देदार समजू नका. पाटील गावचा वतनदार, हा धन्याचा नेमलेला माणूस. ‘कारभारी’ लिहा.

मुरमाड
कारभारी कुठल्या शतकात? तिथेच गोम आहे. बाराव्या शतकाच्या आसपास ही व्यवस्था मोडत गेली. मायर लोक वाडा स्वतःचाच समजून पोराकडे सोपवू लागले, म्हणून धन्यांनी जमिनी मुदतीच्या खंडाने द्यायला सुरुवात केली. उत्तर जर्मनीत, आताच्या लोअर सॅक्सनीत, अशा खंडकऱ्यालाच मायर म्हणू लागले. पुढे तो खंडही वंशपरंपरेचा झाला. मालकी धन्याची, शेत तोडून वाटायचं नाही, एकाच वारसाकडे जायचं, आणि माणूस वेठबिगार नव्हे, मोकळा. म्हणजे त्याच शब्दाचा अर्थ ‘कारभारी’पासून ‘कायम कूळ’पर्यंत घसरला. वही तेराव्या शतकातली असेल तर एक शब्द, सतराव्यातली असेल तर दुसरा. आणि दोन्हीकडे पाय ठेवणारा मराठी शब्द हवा असेल तर ‘खोत’.

निरक्षीर
खोत नको. खोत सरकारी वसुलीचा मक्तेदार. तळकोकणाबाहेरच्या वाचकाला तो नीट कळणारही नाही.

मुरमाड
वाचकाला न कळणारा मराठी शब्द नको आणि ‘विल्लिकुस’ चालेल?

तिठा
शुद्धवाद्यांसाठी एक गंमत. लॅटिन ‘मायोर’ आणि संस्कृत ‘महत्, महीयस्’ यांचा मूळ धातू एकच मानतात. तेव्हा सावरकरांच्या ‘महापौर’मधला ‘महा’ आणि मायर हे लांबचे भाऊबंद निघाले!

कोरांटी
वही १६००च्या पुढची आहे. उच्चाराचं राहिलं.

जोडाक्षर
मायर. जर्मनमध्ये ई-आय, ई-वाय, ए-आय, ए-वाय या चारही जोड्यांचा उच्चार ‘आय’च. स्पेलिंगवरून प्रदेश मात्र ओळखता येतो: ई-वाय बहुधा उत्तरेकडचं, ए-आय आणि ए-वाय दक्षिणेकडचं. शेवटचा ‘ई’ गाळलेलं मायर बव्हेरिया-ऑस्ट्रियात. आवर्तसारणीवाला लोथार मायर उत्तरेच्या फारेलचा, त्याला ई-वाय. ऊर्जा अक्षय्यतेवाला रॉबर्ट मायर दक्षिणेच्या हाइलब्रोनचा, त्याला ए-वाय. आपली पुस्तकं दोघांनाही ‘मेयर’ करून मोकळी होतात. पण कागद चाळताना प्रदेशाच्या ठोकताळ्यावर विसंबू नका. १ जानेवारी १८७६ला साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्ममृत्यू-नोंद सुरू होईपर्यंत पाद्री कानाला येईल तसं लिहीत. एकाच माणसाच्या बाप्तिस्म्याला ई-आय आणि लग्नाला ई-वाय मिळणं नेहमीचं. सगळी रूपं शोधा.

निरक्षीर
भौतिकशास्त्रात रॉबर्टच्या नावाचं ‘मेयरचं समीकरण’ पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. आता बदलून गोंधळ वाढवायचा का?

जोडाक्षर
समीकरण राहू द्या. घराण्याचा इतिहास लिहिताना तरी नाव नीट लिहा.

मुरमाड
शोधण्याबद्दल आणखी एक. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफेलियात नाव माणसाचं नसे, शेताचं असे. मायरच्या वाड्यावर घरजावई आला की तोच मायर व्हायचा. नोंदीत ‘अमुक, गेनान्ट मायर’ (म्हणजे ‘ऊर्फ मायर’) दिसलं की बापाचा शोध ऊर्फच्या अलीकडच्या नावाने घ्यायचा. इथे वंशावळी हमखास चुकतात. दक्षिणेत वाडा दोन भावांत विभागला की वरचा ओबरमायर, खालचा नीडरमायर.

तिठा
आणि घराणं ज्यू असेल तर वरचं सगळं बाद. हिब्रू ‘मेईर’ म्हणजे प्रकाश देणारा, हे मुळात पहिलं नाव. रोथशिल्ड घराण्याचा मूळपुरुष मायर आमशेल, त्यात मायर आडनाव नाहीच. ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावली ती ऑस्ट्रियात १७८७ला, प्रशियात १८१२ला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी बापाचं नावच आडनाव झालं. इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डाबाईंचं सासरचं मायरसन. ते १९५६मध्ये हिब्रू करून ‘मेईर’ झालं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांनाही ‘मेयर’ केलं.

जोडाक्षर
सगळी रूपं एकदम शोधायला ‘कोल्नर फोनेटिक’ वापरा, नावांना उच्चारावरून आकडे देणारी १९६९ची पद्धत. म आणि न यांना ६, र ला ७, मधल्या-शेवटच्या स्वरांचे आकडे गाळतात, ह मोजत नाहीत. मायरची सगळी स्पेलिंगं ६७मध्ये येतात. तोटा असा की ‘मोर’ आणि ‘नेहर’ही ६७च. निकाल हाताने चाळावे लागतात.

तिठा
म्हणजे आपले मोरेही ६७?

जोडाक्षर
हो. आणि नेहरूही.

मुरमाड
मोरे तर मौर्यांवरून आलंय म्हणतात.

निरक्षीर
त्याला पुरावा काय? हा धागा आडनावांच्या दंतकथांचा नव्हे.

तिठा
मोरांवरून म्हणणारेही आहेत. देवक मोराच्या पिसाचं असतं ना?

कोरांटी
मंडळी, सतराव्या शतकातला मायर. खोत की कूळ?

मुरमाड
देवकाचा मुद्दा बिनतोड नाही, पण मौर्य काही मला सोडवत नाहीत.