विसरणं म्हणजे फक्त दुर्लक्ष नव्हे

माणूस विसरतो ते लक्ष नसल्यामुळे, असं अनेकदा म्हटलं जातं. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, याबाबतीत ते पटतं. मुळात नोंदच झालेली नसते. पण हेन्री मोलेसनचं काय? अमेरिकेत १९५३ साली, अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून २७ वर्षांच्या या तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. बुद्धी शाबूत, बोलणं नीट. तरी जरा दुसरीकडे ध्यान गेलं की समोरचा माणूस पुन्हा अनोळखी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही! म्हणजे हाताची आठवण वेगळी, प्रसंगांची वेगळी.

म्हणून कळकळीने सांगतो, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला "आत्ताच तर सांगितलं, लक्ष कुठंय तुझं?" असं बोलू नका. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला सुरुवातीलाच इजा होते. तिने ऐकलेलं असतं, ते साठवलंच जात नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.