मदत हवी आहे: एन्डेव्हर कापून लांबच्या प्रवासाची पिकअप, नागपुरात जमेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी फोर्ड एन्डेव्हर ३.२, २०१६ ची, फोर बाय फोर ऑटोमॅटिक, पासिंग एमएच ४९. इंजिन ठणठणीत. पाच सिलिंडर आणि ४७० एनएमचा टॉर्क एकदा पायाखाली आला की दुसरी गाडी नको वाटते. त्यात फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून घ्यायला येणारा असा भाव सांगतो की चहासुद्धा पाजू नये. म्हणजे विकायची नाही, हे ठरलेलं.

आम्ही तिघंच फिरतो. कच्छ, स्पिती, जमलं तर पुढे मेघालय. तिसरी रांग उघडायची वेळच येत नाही. तंबू, शेगडी, ओली ताडपत्री, डिझेलचा कॅन, सगळं आमच्या डोक्यामागे. मे महिन्यात नागपूरहून निघालं की सिवनी यायच्या आत गाडीभर डिझेलचा वास. बायकोनं सांगून टाकलंय, पुढच्या वेळी एकतर कॅन येईल नाहीतर मी.

म्हणून विचार असा, की मधल्या सीटच्या मागून पत्रा कापायचा, तिथे काच असलेली भिंत उभी करायची, मागे हौदा आणि त्यावर कॅनोपी, म्हणजे बंद टप. ऑस्ट्रेलियात लँड क्रूझर २०० च्या वॅगनचं असं करतात, चासी लांबवून, इंजिनिअरचं प्रमाणपत्र घेऊन. एन्डेव्हरही लॅडर फ्रेमवरच (ट्रकसारख्या शिडीवजा वेगळ्या चासीवर) आहे आणि फोर्डच्याच रेंजर पिकअपची बहीण आहे, त्यामुळे अगदीच वेडेपणा नसावा.

अमरावती रोडला ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एकाला दाखवली. त्यानं टेप लावला, खाली वाकून मागचा अॅक्सल पाहिला, मग डिझेल भरायच्या झाकणावर बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, तुमची नळी याच पत्र्यात आहे, हा पत्रा गेला तर डिझेल कुठून भरसान?" थोडा वेळ गप्प राहून वर, "कापून तर देतो. कागदाचं तुमचं तुम्ही पाहा."

तर ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा: चासी न लांबवता हौदा बसेल का? कॉइल स्प्रिंगवर किती ओझं टाकावं? छतातून मागपर्यंत जाणाऱ्या कर्टन एअरबॅगचं काय करतात? आणि आरटीओत हे कोणत्या नावानं पास होतं?

प्रतिसाद: चासीवाला

चासी न लांबवता करू नका. तुमचा व्हीलबेस २८५० मिमी, रेंजरचा ३२२०. टोयोटाची हायलक्स, इसुझूची व्ही-क्रॉस या दोन्ही पिकअप ३ मीटरच्या वर. हा फरक उगाच ठेवलेला नाही. पिकअपचं मागचं चाक हौद्याखाली येतं, म्हणून माल दोन्ही अॅक्सलांमध्ये वाटला जातो. तुमचं मागचं चाक मधल्या सीटच्या जवळ आहे. तिथून मागे हौदा काढला तर सगळं वजन अॅक्सलच्या मागे लटकणार. मागची लटकती लांबी व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत चालते असा नियम आहे, त्यात तुम्ही कदाचित बसालही. पण घाटात पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग तरंगायला लागलं की नियमाचा काय उपयोग?

रेंजरला मागे पाटे आहेत, एन्डेव्हरला कॉइल आणि वॉट्स लिंकेज (अॅक्सल आडवा सरकू न देणारी दांड्यांची जोडणी). ती मांडणी माणसांच्या आरामासाठी केलेली आहे, मालासाठी नाही. जाड कॉइल टाकून उंची परत येईल, चासीची ताकद वाढणार नाही. एअरबॅगच्या वायरींना तर ट्रकच्या बॉडीवाल्याचा हात लागूच देऊ नका.

प्रतिसाद: कागदपत्रे

आरटीओत याला नावच नाही, कारण हे पास होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेत बसत नाही असा बदल चालणार नाही. सीएनजी किट किंवा इंजिन बदल परवानगीनं आरसीवर चढतो. वॅगनची पिकअप हा त्यातला प्रकार नव्हे. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा विम्याची काळजी वाटते. अपघात झाला आणि सर्व्हेअरनं आरसीवरची बॉडी आणि समोरची बॉडी ताडून पाहिली की क्लेम तिथेच अडकला.

तिसरी रांग काढतानाही जपून. आरसीवर ७ सीट आहेत. सीट दुमडून त्यावर बोल्टनं बसेल आणि निघेल असा सांगाडा करा.

प्रतिसाद: धरमपेठी

राजेहो, अख्खी गाडी कापण्यापेक्षा कॅन काऊन काढून टाकत नाही? टाकी ८० लिटरची आहे ना? १० चा अॅव्हरेज धरला तरी ८०० किमी होते. स्पितीत काझाला पंप आहे. कॅन रिकामा न्या, शेवटच्या पंपावर भरा, वहिनी पण येतील.

धागाकर्ता:

चासीवाला, व्हीलबेसचे आकडे कागदावर मांडून पाहिले. मागचं चाक हौद्याच्या अगदी तोंडाशी येतंय, म्हणजे निम्म्याहून जास्त सामान मागेच लोंबणार. कापाकापी रद्द.

धरमपेठी, वहिनींनी तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला.

आता नवी गरज. मधल्या सीटच्या मागे अॅल्युमिनियमची पूर्ण उंचीची जाळी, खालून हवाबंद, आणि दुमडलेल्या सीटवर दोन लांब ड्रॉवर. ब्रेक मारला तर भरलेला ड्रॉवर सरकून पुढे येता कामा नये, म्हणून कुलपाची सरकपट्टी हवी, फर्निचरवाली नको. हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीला गाडीचं असं काम करणारा फॅब्रिकेटर कोणाच्या पाहण्यात आहे का? सरकपट्टी किती किलोची घ्यावी, तेही सांगा. एका ड्रॉवरमध्ये साधारण ४० किलो सामान धरलंय.