वायदाचा ‘वेसेले’ पाहिला. मेलेली माणसं रंगमंचावर कशी आणायची?

धरमपेठची_तालीम
राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमचा हौशी ग्रुप एक नाटक बसवून राहिला आहे. लग्नघर, एकच रात्र, आणि घरातली गेलेली माणसं मांडवात येतात. म्हणून सगळ्यांना आंद्रे वायदाचा १९७३ चा पोलिश चित्रपट ‘वेसेले’ (म्हणजे ‘लग्न’) दाखवला. शहरी कवी शेतकऱ्याच्या पोरीशी लग्न करतो, खोलीत नुसता घाम, धूर, व्हायोलिन. कॅमेरा नाचणाऱ्यांच्या खांद्याला घासून फिरतो. मी तर गुंगून गेली. मग एकेका पाहुण्यासमोर कोणीतरी उभं राहतं. आमचा प्रकाशयोजनेवाला म्हणतो, निळा स्पॉट टाकू. मला ते मुळीच पटत नाही, पण त्याला समजावू कसं? आणि ही येणारी माणसं आहेत तरी कोण?

बर्डीचा_प्रेक्षक
ताई, निळा स्पॉट नकोच. पत्रकारासमोर जो राजविदूषक स्तान्चिक येतो, तो पुन्हा बघा. दोन्ही भूमिका वोइचेख प्शोनियाकनंच केल्या आहेत. म्हणजे तो बाहेरून येतच नाही, त्या पत्रकाराच्या आतलंच बोलणं समोर बसतं.
मूळ नाटक स्तानिस्वाव विस्प्यान्स्कीचं, १९०१ मधलं, पद्यात. १९०० साली क्राकुफजवळच्या ब्रोनोवित्से गावी कवी रिडेलचं लग्न झालं, तिथे विस्प्यान्स्की स्वतः पाहुणा होता. तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रियानं वाटून घेतला होता. शहरातले शिकलेले लोक गावकऱ्यांच्या गळ्यात गळा घालतात, पण मध्ये १८४६ उभं आहे. त्या वर्षी गॅलिशियातल्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पोलिश भागातल्या, शेतकऱ्यांनी जमीनदारांची कत्तल केली. त्यांचा पुढारी शेला म्हाताऱ्या भिकाऱ्यासमोर येतो, रक्तानं माखलेला. लग्नात हे कोणी बोलत नाही, म्हणून ते चालत येतं. तुमच्या नाटकातल्या घरात न बोललेलं काय आहे, ते आधी ठरवा. प्रकाश नंतर.

ब्रह्मपुरीकर
शेवट विसरू नका. उठावाची हाक द्यायला मिळालेलं सोन्याचं शिंग तरणा यासिएक घेऊन निघतो, आणि मोरपिसांची टोपी उचलायला वाकतो तेव्हा ते हरवून बसतो. गावकरी लांब दांड्याचे विळे घेऊन तयार, पण हाक देणार कोण? मग खोखोव सगळ्यांना झोपेत असल्यासारखं नाचवतो. खोखोव म्हणजे थंडीत गुलाबाच्या झाडाला गुंडाळलेलं तणसाचं आवरण. आमच्याकडे धानाच्या तणसाचे ढीग असतात, एक गठ्ठा पाठवू का? रंगमंचावर तणसाचा आवाज फार चांगला येतो, माइकची गरज नाही.

धरमपेठची_तालीम
दोघांचेही मनापासून आभार. प्शोनियाकचं लक्षातच आलं नव्हतं. आता सासऱ्याचं काम करणाराच त्याच्या मेलेल्या भावाचंही करेल, त्याच उजेडात. फक्त फेटा काढेल. ब्रह्मपुरीकर, तणस नक्की पाठवा. पण कपडे बदलायला विंगेत जायचं नाही असं ठरवलं, तर फेटा प्रेक्षकांसमोरच काढावा का? वायदानं हेच नाटक १९६३ मध्ये क्राकुफच्या रंगमंचावरही केलं होतं. त्या प्रयोगाचे फोटो कोणाकडे असतील तर इथे टाका.