करोनात आई-वडील गेले त्यांच्यासाठी : काय राहून गेलं?

माहुलीकाठ
आज शेजारच्या काकांच्या दहाव्याला संगम माहुलीला गेले होते. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे सुटल्यासारखे उठले, मला रडू आवरेना. एप्रिल 2021 ला अण्णा गेले तेव्हा आम्ही तिघंही पॉझिटिव्ह, घरात कोंडलेले. पालिकेच्या माणसांनीच अग्नी दिला. तोंडात पाणी घालायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी चुलतभावाने अस्थींची पिशवी आणली, वर मार्करने नाव लिहिलेलं. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून विलगीकरण संपेपर्यंत पेरूच्या फांदीला बांधून ठेवली. मी रोज खिडकीतनं तिच्याशी बोलायचे. पाऊस आला त्या रात्री आई जागीच होती. तुमचंही लिहा.

मिरजेची लेक
पपा आधी, चार दिवसांनी आई. ती ऑक्सिजनवर, म्हणून पपांचं सांगितलंच नाही. व्हिडिओ कॉलवर मास्कमधनं विचारायची, ह्यांनी चहा घेतला का. मी हो म्हणायचे. चारही दिवस
रिक्षा आली पोराची, नंतर लिहिते

तासगावकर
वडिलांना सहा रेमडेसिव्हिर इंजेक्शनं लिहून दिलेली. सांगली, कोल्हापूर, कराड पालथं घातलं, चारच मिळाली. ती दोन अजून झोपू देत नाहीत.

कराडची सिस्टर
तासगावकर दादा, स्वतःला लावून घेऊ नका. त्याने जीव वाचतो असा पुरावा तेव्हा नव्हता, हे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं. तुम्ही कमी पडला नाहीत.
माहुलीताई, मी कोविड वॉर्डात होते. शेवटी शेवटी आम्ही कापसाने पेशंटचे ओठ ओले करायचो. प्रत्येकाला जमलं असं नाही सांगत. पण करायचो.

वाईकर
आमच्या आईच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं. सरकारच्या 50 हजारांच्या मदतीचा अर्ज त्यावरनं परत आला. कुणाचं असं झालेलं?

तासगावकर
@वाईकर पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे का? त्यापासून 30 दिवसांच्या आत गेल्या असतील तर कोविड मृत्यूच धरायचा असा नियम होता, घरी गेल्या तरी. आमच्या चुलत्यांचं तसंच झालं, अपील केल्यावर मिळाले. कागद काढून ठेवा.
सिस्टर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वाईकर
रिपोर्ट आहे, शोधतो. पैशाचं नाही ओ, कशाने गेली ते तरी खरं लिहा.

मिरजेची लेक
माहुलीकाठ, तो पेरू आहे का अजून?

माहुलीकाठ
आहे. यंदा लगडलाय. त्या फांदीचे आई कुणाला तोडू देत नाही, पोपट खातात. सिस्टर, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.