लहानपणचं मस्कतचं घर बघायला आईबाबांबरोबर जायचंय. लेकीला नेऊ की ठेवून जाऊ?

मृण्मयी_र

नमस्कार मंडळी,

दोन प्रश्न आहेत, एक शोधाशोधीचा आणि एक मनाचा.

माझं लहानपण मस्कतमधलं, रुवीतलं. बाबा एका बांधकाम कंपनीत हिशेब बघायचे. मी पाचवीत असताना, 1998 मध्ये, आम्ही कायमचे परत आलो आणि त्यानंतर आमच्यापैकी कुणीही तिकडे फिरकलेलं नाही. बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, आणि गेल्या दिवाळीपासून त्यांनी एकच धोशा लावलाय की एकदा ती बिल्डिंग बघून यायची. आई, बाबा, दादा आणि मी असं चौघांनी जानेवारीत जायचं ठरतंय.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बाबांना तिला न्यायचंय. तुझी आई इथे सायकल शिकली, इथे पडली, हे सगळं नातीला दाखवायचंय. नवरा आणि सासूबाई म्हणतात, तू निर्धास्त जा, आम्ही सांभाळतो. आणि मला मनापासून तिला घरी ठेवून जायचंय.

मला आराम हवाय म्हणून नाही. लेक झाल्यापासून मी आईबाबांशी धड बोललेलेच नाही. ते आमच्याकडे आले की नातीचे असतात, मी त्यांच्याकडे गेले की तिच्या मागे धावत असते. तिला नेलं तर त्या जिन्यात उभं राहूनही माझं लक्ष तिच्या झोपेच्या वेळेकडे आणि जवळ बाथरूम आहे का याकडेच असणार. थोडे दिवस मला फक्त त्यांची मुलगी म्हणून त्या घरात जायचंय. पण नातीसाठी आसुसलेल्या बाबांना हे कसं सांगू? आणि एवढ्या लहान मुलीला सोडून जाणं तिला कितपत जड जाईल?

दुसरा प्रश्न: बिल्डिंग शोधायची कशी? आजीनं जपून ठेवलेली पत्रं आहेत, पण त्यांवर फक्त पी.ओ. बॉक्स, रुवी, 112 एवढंच आहे. क्लॉक टॉवरकडून चालत जायचो, खाली एक शिंप्याचं दुकान होतं आणि मागे कोरडी वादी, म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारं नदीचं पात्र, होती. आम्हाला आठवतं ते एवढंच.

वादीकबीरकर

ताई, पत्रांवरून घर सापडणार नाही. पी.ओ. बॉक्स म्हणजे पोस्टातली पेटी. तेव्हा टपाल घरपोच येतच नसे, पेटी बहुतेक कंपनीच्या नावावर असायची, आणि 112 हा अख्ख्या रुवीचा कोड आहे. जुना भाडेकरार किंवा विजेचं बिल कुठे मिळतंय का बघा. त्यावर ‘वे नंबर’ (म्हणजे गल्लीचा क्रमांक) आणि इमारतीचा क्रमांक असतो, आणि घर सापडतं ते त्यावरूनच.

तेही नसेल तर वडिलांना कोरा कागद द्या आणि घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता हातानं काढायला सांगा. फोनवरचा नकाशा आधी अजिबात दाखवू नका. एकदा तो बघितला की स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास जातो. काढून झाला की मग उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघा. खुणा म्हणून दुकानं धरू नका, ती बदलतात. मशीद, टेकडी आणि रस्त्याचं वळण धरा. वादीवरही फार विसंबू नका. जून 2007 मध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हा वाद्यांना आलेल्या पुरानं मस्कतच्या बऱ्याच भागात हाहाकार उडवला होता. तुमच्या वेळचा वादीकाठ तसाच दिसेल याची खात्री नाही.

अजून थोडं. वडिलांच्या डोक्यात गुरुवार-शुक्रवारची सुट्टी पक्की बसलेली असेल. मे 2013 पासून ती शुक्रवार-शनिवार झाली आहे. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नका, शनिवारी संध्याकाळी जा. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून जिना चढायला भरपूर वेळ ठेवा. जानेवारी निवडलात ते उत्तम केलंत. मे-जूनमध्ये वडिलांना घेऊन रुवीत चालणं अशक्य आहे. ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढतात. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी तिथेच वाचा.

लेकीबद्दल मी काही बोलत नाही, तो तुमचा प्रश्न. वेळेचं तेवढं सांगतो. मस्कत आपल्यापेक्षा दीड तासानं मागे आहे. ती नऊला झोपत असेल तर तिथे साडेसात वाजलेले असतील. फोन करायचा असेल तर हे लक्षात ठेवा.

संध्याताई_पाळणाघर

मी बरीच वर्षं पाळणाघर चालवते, त्या अनुभवावरून लिहिते.

साडेतीन वर्षांच्या मुलीला ही सहल मोठेपणी आठवेल असं धरून चालू नका. बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीनच्या आसपासची असते, आणि तीही तुटक. तेव्हा ‘तिला आठवण राहावी’ एवढ्याचसाठी नेणार असाल, तर ते कारण पुरेसं नाही. आजोबांना तिच्यासोबत तिथे उभं राहायचंय हे कारण मात्र खरं आहे. त्याचं उत्तर तुम्हाला त्यांच्याशी बोलूनच मिळेल.

ठेवून जाणार असाल तर जाताना तिला सांगून जा. झोपेत असताना किंवा खेळात रमवून गुपचूप निघू नका. ‘चार रात्री’ म्हटलेलं तिला समजणार नाही, पण रोज रात्री बाबांनी दाराला एक चित्र चिकटवायचं, सगळी चित्रं लागली की आई येणार, हे समजेल. घर तेच, माणसं ओळखीची, अंथरूण तेच, मग एवढ्या लहान मुलीलाही थोडे दिवस निभावता येतात.

एका गोष्टीची मात्र मनाची तयारी ठेवा. परत आल्यावर ती धावत येऊन मिठी मारेलच असं नाही. कदाचित तुमच्याकडे बघणारही नाही. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी 1950 च्या दशकात रुग्णालयात आईपासून लांब राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं होतं. आधी आकांत, मग खिन्नता आणि शेवटी तुटकपणा, असा क्रम त्यांनी नोंदवला. ती मुलं परक्या ठिकाणी होती आणि आई क्वचितच भेटायची. तुमच्या लेकीचं तसं होणार नाही. पण त्या तुटकपणाची छोटीशी सावली मी पाळणाघरात सुट्ट्यांनंतर दर वेळी बघते. त्याचा अर्थ ती तुम्हाला विसरली असा नसतो. तुमच्या जाण्याचा तिला राग आलेला असतो. तिला ओढून कुशीत घेऊ नका, जवळ बसून राहा.

अनिरुद्ध_सालमिया

माझं मत वेगळं आहे. न्या तिला.

माझं लहानपण कुवेतमधलं. 2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य शिरलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आम्ही बसनं बगदादमार्गे अम्मानला आलो आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी परत आली. घराला कुलूप लावून निघालो होतो, सगळं सामान आतच राहिलं. वडील आयुष्यभर म्हणत राहिले की एकदा जाऊन येऊ. ते गेल्यानंतर मी गेलो, माझ्या दोन मुलांना घेऊन. आमच्या इमारतीच्या जागी दुसरीच इमारत उभी होती.

मी तिथे नुसता उभा होतो, काय बघायचं तेच कळत नव्हतं. धाकट्यानं विचारलं, “मग तुमची खेळणी कुठे गेली?” हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता. निळी आगगाडी होती, एका पायानं लंगडा अस्वल होता, सगळं सांगत बसलो. मुलं सोबत नसती तर मी फोटो काढून टॅक्सीत बसलो असतो. म्हणून म्हणतो, मूल सोबत असलं की बोलणं निघतं.

पण लेक येवो वा न येवो, वडिलांचं जाणं पुढे ढकलू नका, एवढं नक्की.

मृण्मयी_र

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही जाऊन आलो. लेकीला ठेवून गेले.

बाबांशी बोलले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग तुला तरी नीट दाखवता येईल.” मला वाटत होतं त्यापेक्षा हे खूप सोपं गेलं.

वादीकबीरकर, कागदाची युक्ती कामी आली. बाबांनी काढलेल्या नकाशात अंतरं सगळी चुकली होती, पण वळणं एकूण एक बरोबर होती. शिंप्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, इमारत मात्र आहे तशीच आहे. आमच्या घरात आता एक मल्याळी कुटुंब राहतं. आम्ही दारातूनच बघून निघणार होतो, पण त्या बाईंनी आईचा हात धरून तिला आत नेलं.

घर किती लहान आहे ते आधी लक्षात आलं. मी आणि दादा ज्या हॉलमध्ये क्रिकेट खेळायचो त्यात आता एक सोफा आणि टीव्ही ठेवल्यावर वळायलाही जागा उरत नाही. आई थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि तिथे उभी राहून तिनं जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. मी दीड वर्षाची असताना एका रात्री मला खूप ताप चढला. बाबा कामासाठी सलालाला होते, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर लांब. घरात फोन नव्हता, आईला गाडी येत नव्हती, हिंदीसुद्धा अडखळतच बोलायची. मला टॉवेलमध्ये गुंडाळून, दादाला झोपेतून उठवून ती जिना उतरली आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींचं दार वाजवलं. त्या मावशीही मल्याळी, दोघींची भाषा एक नाही. त्यांच्या यजमानांनी गाडी काढली. आई म्हणाली, “मला त्या दिवसांत सगळ्याचीच भीती वाटायची. तू रडलीस तरी भीती, गप्प राहिलीस तरी भीती.”

ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, माझ्या आजच्या वयाहून कितीतरी लहान. माझ्या आठवणीतली आई कशालाच घाबरत नाही. लेक झाल्यापासून मी स्वतःला त्याच आईशी ताडून बघत होते.

बाबा जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. आपण परत का आलो, असं दादानं विचारलं. आजी अंथरुणाला खिळली होती हे आम्हाला माहीत होतं. पण परत येऊन त्यांना दोन वर्षं धड नोकरी नव्हती, साठवलेल्या पैशांवर घर चालत होतं आणि ते आमच्यापासून लपवायला ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, हे आम्हाला तिथे कळलं. दादाला ते ऐकवेना. तो खाली जाऊन गाडीजवळ उभा राहिला, मग थोड्या वेळानं वर येऊन बाबांच्या शेजारी बसला. लेक सोबत असती तर हे बोलणं निघालं असतं का, मला सांगता येत नाही. अनिरुद्ध, तुमच्या मुलानं विचारला तसा प्रश्न तिनं या वयात विचारला नसता, एवढं वाटतं.

बाकी मस्कतच्या मत्राह भागातल्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, रोज संध्याकाळी बसलो, आईला तो समुद्र पुरे म्हणून होत नव्हता. सुलतान काबूस मशीद बघितली. ती 2001 मध्ये बांधून झाली, म्हणजे आमच्यानंतरची, त्यामुळे तिथे आम्ही निव्वळ पाहुणे होतो. मुस्लिमेतरांना सकाळी अकरापर्यंतच सोडतात आणि शुक्रवारी नाही. बायकांनी डोकं आणि हातपाय झाकायला ओढणी-पूर्ण बाह्या ठेवा.

आता परतल्याबद्दल. संध्याताई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी पहाटे घरी पोचले. ती उठली, माझ्याकडे बघितलं, “तू जा” म्हणाली आणि नवऱ्याच्या मानेत तोंड खुपसलं. तुमचं वाक्य वाचलेलं नसतं तर मी तिथेच कोसळले असते. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मटार सोलायला घेतले. सासूबाईही काही बोलल्या नाहीत, याबद्दल मला त्यांचं फार बरं वाटलं. तासाभरानं ती एक शेंग घेऊन गेली, मग दुसरी. दुपारी कंगवा आणून माझ्यासमोर पाठ करून बसली. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर उभी असायची, रात्री दोनदा उठून मी आहे ना बघायची. हे हळूहळू कमी झालं. दाराची चित्रं तिनं अजून काढू दिलेली नाहीत.

गेल्या आठवड्यात तिला ताप आला. मी आईला फोन केला. औषध काय द्यायचं ते मला माहीत होतं. ती रात्र पुन्हा सांग म्हटलं, आणि आईनं सांगितली, या वेळी खालच्या मावशींच्या यजमानांनी गाडी किती हळू चालवली तेही सांगितलं.

संध्याताई_पाळणाघर

चित्रं राहू द्या. ती स्वतःच एक दिवस काढेल नाहीतर त्यांवर रंगवेल. रात्री उठणं महिनाभरात थांबलं नाही तर मात्र इथे लिहा.

अनिरुद्ध_सालमिया

वाचून फार बरं वाटलं. बाबांना वेळेत नेलंत.

मृण्मयी_र

अनिरुद्ध, बाबांनी आत्ताच पुढचं काढलंय: ती सहा-सात वर्षांची झाली की नातीसकट जायचं. तुमची मुलं गेली तेव्हा किती वर्षांची होती? आणि आधी त्यांना काय सांगून नेलं होतं, की तिथे गेल्यावरच सांगितलं?

अनिरुद्ध_सालमिया

धाकटा सात, थोरला दहा. आधी फक्त एवढंच सांगितलं होतं की बाबा तुमच्याएवढे असताना जिथे राहायचे तिथे चाललोय. युद्धाचं थोरल्यानं विमानात विचारलं, तेव्हा सांगितलं. तुमच्याकडे तसं काही नाही, त्यामुळे आजोबांनाच सांगू द्या, आणि तो हातानं काढलेला नकाशा फाडू नका, तिच्या हातात द्या आणि पुढे तिला चालू द्या.