सॉसेज आणि भाजलेल्या भाज्यांचा पास्ता: भाज्या ओलसर, सॉस तेलकट

झारा_पळी

पानगळीच्या थंड संध्याकाळी पोटभरीचा, एकाच पदार्थात जेवण आटोपेल असा पास्ता करावा, या विचाराने मी गेल्या आठवड्यात सॉसेज आणि भाजलेल्या भाज्या घालून रिगातोनी (जाड, आखूड नळ्यांचा पास्ता) केला. चौघांसाठी ४०० ग्रॅम पास्ता, साधारण तेवढेच सॉसेज, लाल भोपळा, ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीच्या छोट्या गड्ड्यांसारखी भाजी), लाल कांदा आणि मशरूम असे प्रमाण होते. सगळ्या भाज्या तेल-मीठ लावून एकाच ट्रेमध्ये घातल्या आणि १८० अंश सेल्सिअसवर चाळीस मिनिटे ठेवल्या. भोपळा मऊ झाला, परंतु त्याला रंग मुळीच आला नाही आणि मशरूमभोवती पाणी साचले. सॉसेजच्या चकत्या करून परतल्या. पास्ता पूर्ण शिजवून, गाळून, चिकटू नये म्हणून थंड पाण्याखाली धरला आणि शेवटी सगळे एकत्र केले. ताटलीच्या तळाशी केशरी तेल आणि वर कोरडा पास्ता, असा प्रकार झाला. पुढच्या वेळी क्रीम घातल्याने हे सुधारेल का?

मंद_आच

क्रीमचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपली पहिली अडचण ओव्हनमध्येच सुरू झाली आहे. भाजीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही; खरपूस रंग आणि वास येण्यासाठी मात्र ते १४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक व्हावे लागते. भरगच्च ट्रेमध्ये भाज्यांतून निघालेली वाफ तिथेच कोंडते आणि भाज्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. मशरूमच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे तुमच्या ट्रेमधले तळे कुठून आले हे उघड आहे.

ओव्हन २२० अंशांवर ठेवा (पंखा चालू असेल तर २००) आणि रिकामा ट्रे आतच तापू द्या. भाज्या धुतल्यानंतर फडक्याने कोरड्या पुसा. भोपळ्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, स्प्राउट्स उभे चिरून कापलेली बाजू खाली ठेवा आणि तुकड्यांमध्ये बोटभर अंतर राहील असे दोन ट्रे करा. भाजी ट्रेवर पडताच छन्न असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही असे समजावे. पंचवीस ते तीस मिनिटांत काम होते, आणि पहिली पंधरा मिनिटे तरी उलथन्याने ढवळण्याचा मोह टाळावा. मशरूम ओव्हनमध्ये घालूच नयेत, पॅनमध्ये मोठ्या आचेवर वेगळे परतावेत, असे माझे मत आहे.

वाफाळ

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त एक विचारतो, सॉसेज कच्चे, ताजे होते की आधीच शिजवून धुरावलेले? धुरावलेल्याच्या चकत्याच योग्य, कारण ते मोकळे होत नाही.

झारा_पळी

कच्चे होते, बडीशेप घातलेले डुकराच्या मांसाचे.

वाफाळ

मग चकत्या करू नका. सुरीच्या टोकाने आवरण लांबीच्या दिशेने चिरून काढून टाका आणि आतले मांस अक्रोडाएवढ्या ओबडधोबड तुकड्यांत तोडून पॅनमध्ये घाला. उलथन्याने हलकेच दाबून तीन-चार मिनिटे हात न लावता राहू द्या, म्हणजे खालची बाजू गडद तपकिरी होते. मग उलटून पूर्ण शिजवा. डुकराच्या मांसाचे सॉसेज आतून ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडीचे ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे. सुटलेल्या चरबीतली दोन मोठे चमचे ठेवून बाकीची काढून घ्या. तुमच्या ताटलीतले केशरी तेल म्हणजे हीच न काढलेली चरबी होय. पॅनच्या बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड मात्र मुळीच धुऊ नका, कारण निम्मी चव तिथेच असते. तिच्यावर लसूण परता आणि पळीभर पास्त्याचे पाणी ओतून ती सोडवून घ्या.

पास्ता थंड पाण्याखाली धरणे ही दुसरी चूक. पास्ता शिजताना पाण्यात पिष्टमय पदार्थ उतरतात आणि त्यांच्यामुळेच चरबी व पाणी एकजीव होऊन सॉसला दाटपणा येतो. धुतलेल्या पास्त्यावरचा पिष्टाचा थर निघून जातो आणि सॉस त्यावरून घसरतो. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी, दाताखाली किंचित कणी लागते आहे तोवर, पास्ता थेट पॅनमध्ये टाका. दीड कप पाणी बाजूला राखून ठेवा आणि त्यातले थोडे थोडे घालत मोठ्या आचेवर जोरात हलवत राहा. मिनिटभरात तेलाचे वेगळे थेंब दिसेनासे होतात आणि नळ्यांवर चकचकीत लेप बसतो. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ हे इटलीतले परंपरागत प्रमाण आहे. परंतु सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असल्यामुळे मी सात ग्रॅमवर थांबतो.

केशरी_काठ

दोघांच्याही उत्तरात भोपळ्यावर अन्याय झाला आहे. भाजलेल्या भोपळ्यातला तिसरा हिस्सा काट्याने मोडून पास्त्याच्या पाण्यात मिसळला, तर क्रीमची गरज राहत नाही आणि सॉसेजच्या खारटपणाला गोडीचा आधार मिळतो. उरलेले तुकडे मात्र अगदी शेवटी घालावेत, नाहीतर हलवताना त्यांचाही लगदा होतो. किसलेले पेकोरिनो किंवा पार्मेझान चीज आच बंद करून अर्धा मिनिट थांबल्यावर घाला. उकळत्या सॉसमध्ये त्याच्या गुठळ्या होतात. एवढ्या चरबीवर आंबटपणा हवाच, म्हणून चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस शेवटी पिळावा. सेज या सुगंधी वनस्पतीची पाने मिळाली तर उरलेल्या चरबीत कुरकुरीत तळून वर चुरावीत.

वाफाळ

मोडलेल्या भोपळ्याने सॉस फार जड होतो, असा माझा अनुभव आहे. पास्ता लगेच वाढायचा असेल तर ठीक, परंतु दहा मिनिटे थांबला की घट्ट गोळा होतो.

केशरी_काठ

म्हणूनच राखलेले पाणी संपवून टाकू नये. वाढण्याआधी दोन पळ्या घातल्या की सॉस पुन्हा मोकळा होतो.

झारा_पळी

काल पुन्हा केला. दोन तापलेले ट्रे, आवरण काढलेले सॉसेज, न धुतलेला पास्ता आणि थोडा मोडलेला भोपळा, एवढे सगळे पाळले. ताटलीत तेल उरले नाही आणि भोपळ्याच्या कडा खरोखर तपकिरी झाल्या. व्हिनेगरचा चमचा मला सर्वांत उपयोगी वाटला. तक्रार एकच, स्प्राउट्सची सुटी झालेली पाने जळून काळी, कडू झाली.

मंद_आच

सुटी पाने वेगळी ठेवून शेवटच्या पाच मिनिटांत ट्रेवर पसरावीत. कडा तपकिरी होऊन कुरकुरल्या की लगेच बाहेर काढावीत आणि पास्त्यात न मिसळता वरून घालावीत.