पनामा कालवा: १८७९ ला लॉकवाला प्लॅन का नाही घेतला?

पिंपळपान
पनामाबद्दल वाचतेय सध्या. १८७९ च्या पॅरिस परिषदेत गोदाँ द लेपिने या फ्रेंच इंजिनिअरने सरळ सांगितलेलं, चाग्रेस नदीवर धरण बांधा, वर तळं करा, जहाजं लॉकने (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारा दारांचा हौद) चढवा नि पलीकडे उतरवा. पण सुएझ कालवा बांधणाऱ्या लेसेप्सने सुएझसारखा समुद्रसपाटीचाच कालवा मंजूर करून घेतला आणि १८८९ ला त्याची कालवा कंपनी बुडाली. सगळे त्याला हेकट म्हणतात, पण कागदावर तो प्लॅन खरंच इतका वाईट होता का? लॉक नको, गेट नको, जहाज इकडून शिरलं की तिकडून बाहेर.

भूमापक
हो, वाईटच होता. सुएझला सपाट वाळवंट, पाऊस जवळपास नाही, वाटेत नदी नाही. इथे क्युलेब्राचा डोंगर शंभर मीटरच्या आसपास, त्यात चिकणमाती, म्हणजे जितकं खोल जाल तितके उतार सैल ठेवावे लागतात नाहीतर पावसात दरड खाली, मग खोली दुप्पट केली की खोदाई चौपटीच्या आसपास जाते. १९१४ ला लॉकवाला कालवा झाला तेव्हा तिथे त्याचा तळ समुद्रसपाटीच्या १२ मीटर वर होता, लेसेप्सला तो सपाटीच्याही ९ मीटर खाली न्यायचा होता. आणि चाग्रेसचा पूर? नदी वर, कालवा खाली, सगळं पाणी त्यातच कोसळणार. लेपिनेने त्या नदीलाच कामाला लावलं, मला तर त्या परिषदेतली सगळ्यात शहाणी सूचना तीच वाटते.

रानवाट
भूमापक, इतकं सोपं नव्हतं हो. लेसेप्स बुडाल्यानंतरही, १९०५-०६ ला अमेरिकेने नेमलेल्या १३ इंजिनिअरांच्या बोर्डात ८ जणांनी समुद्रसपाटीलाच मत दिलं! कालव्याचा अमेरिकी मुख्य इंजिनिअर स्टीव्हन्स प्रत्यक्ष साइटवर होता, चाग्रेसचा पूर त्याने डोळ्यांनी बघितला, आणि त्याने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला पटवलं म्हणून १९०६ ला लॉक ठरले.
@पिंपळपान, गेट नको हेही पूर्ण खरं नाही. पॅसिफिकला भरती-ओहोटीचा फरक ५-६ मीटर, कॅरिबियनला अर्धा मीटरही नाही, म्हणजे प्रवाह थोपवायला एखादं गेट लागलंच असतं.

पिंपळपान
भरतीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. मग लॉकचा तोटा काहीच नाही का?

भूमापक
आहे ना, गोडं पाणी. जुन्या लॉकमधून एक जहाज गेलं की साधारण २० कोटी लिटर पाणी समुद्रात जातं, आणि ते ज्या तळ्यातून येतं त्याच 'गातून' नावाच्या तळ्यातून पनामा सिटी नि कोलोनला प्यायचं पाणी मिळतं. २०२३ ला पाऊस कमी पडला तर रोजची ३६ च्या आसपासची जहाजं वर्षाअखेर २२-२४ वर आणावी लागली. आता रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायचं ठरतंय, त्यात गावं उठणार, लोक विरोध करतायत. तरी मी लेपिनेच्याच बाजूने, पण ज्यांची घरं पाण्याखाली जाणार त्यांचं पुनर्वसन पाणी अडवायच्या आधी झालं पाहिजे.